चाचणीपुरतं वाक्य

“काहीही लिही गं. तुझ्या भाषेत असलं म्हणजे झालं,” असं म्हणत काकांनी लॅपटॉप काकूंच्या पुढ्यात सरकवला.

काकू नुकत्याच भांडी घासून आल्या होत्या. ओले हात टॉवेलला पुसत त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या. काहीही म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. काकांनी सांगितलं की एक वाक्य हवं आहे, अर्थाशी त्यांना देणंघेणं नाही, त्या लिपीतली अक्षरं स्क्रीनवर नीट उमटतात का आणि चौकटीत मावतात का एवढंच बघायचं आहे. काकूंनी थोडा विचार केला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, एक वाक्य लिहिलं.

“काय लिहिलंस?”

“सगळं ठीक आहे, काळजी करू नका.” काकू ओशाळून हसल्या. “आईला फोनवर दरवेळी हेच तर सांगायचे. पटकन दुसरं काही सुचलं नाही.”

काकांनी ते वाक्य उचललं आणि कामाला लागले.

काका हे त्यांचं ऑफिसातलं नाव. केस लवकर पांढरे झाले आणि भोवतालची मुलं दरवर्षी आणखी तरुण होत गेली, त्यातून ते पडलं. पुढे त्याच न्यायाने बायकोही सगळ्यांची काकू झाली. काकांनी आयुष्यात दोनच गोष्टी जिद्दीने केल्या होत्या. घरच्यांच्या नाकावर टिच्चून परभाषेतल्या मुलीशी लग्न केलं, आणि एकट्याने एक प्लगइन लिहिला. दोन्ही गोष्टी इतकी वर्षं कुरकुर न करता चालल्या आहेत, असं ते अभिमानाने सांगत. काकूंचं त्यावरचं मत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

प्लगइन म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमला जोडायचा छोटा प्रोग्रॅम. काकांचा प्लगइन हॉस्पिटलच्या संगणकाला जोडलेला असे आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या फोनवर मेसेज पाठवत असे. पेशंटला वॉर्डात हलवलं, डॉक्टर भेटतील, उद्या घरी सोडणार, असले साधे मेसेज. सिस्टरने एक बटण दाबलं की काम झालं. पूर्वी एकेका नातेवाइकाला फोन लावत बसावं लागायचं, तो ताप या प्लगइनने वाचवला होता आणि त्याच भांडवलावर तो विकला जात होता.

आता त्याला दुसरी भाषा शिकवायची होती. गावाच्या त्या टोकाला नवीन हॉस्पिटल झालं होतं आणि आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये दूरच्या मुलखातून कामाला आलेली माणसं राहत होती. त्यांची भाषा नेमकी काकूंच्या माहेरची. मालकांनी ही बातमी सांगितली तेव्हा काकांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. मालक म्हणजे एके काळी काकांच्या शेजारच्या खुर्चीत बसून त्यांनाच शंका विचारणारा पोरगा. आता कंपनी त्याची होती. भाषांतराला बाहेरचा माणूस शोधू नका, घरीच आहे, असं काका म्हणाले.

कामाची पद्धत ठरलेली होती. कोडमध्ये जागोजागी पेरलेली वाक्यं आधी वेचून काढायची आणि एका फाइलमध्ये एकाखाली एक मांडायची. प्रत्येक वाक्यासमोर एक जागा असते, तिथे दुसऱ्या भाषेतलं वाक्य भरायचं. जागा रिकामी राहिली तरी अडत नाही. प्रोग्रॅम निमूटपणे मूळ भाषेतलं वाक्य पाठवून देतो. पण भाषांतर हातात येण्याआधी सगळं नीट दिसतंय का ते तपासावं लागतं. त्यासाठी सगळ्या जागांत एकच वाक्य भरून बघायचं, ही या धंद्यातली जुनी सवय. काकांनी काकूंचं वाक्य सगळ्या जागांत भरलं. अक्षरं छान उमटली. त्या लिपीतल्या अक्षरांच्या शेपट्या खालच्या ओळीत घुसत होत्या, तेवढं त्यांनी दुरुस्त केलं.

मग काकूंचं काम सुरू झालं. संध्याकाळी चहा झाला की त्या टेबलाशी बसायच्या आणि एकेका जागेतलं जुनं वाक्य पुसून नवं लिहायच्या. या घरात आल्यापासून त्यांनी इथली भाषा इतकी उचलली होती की नव्या शेजाऱ्यांना शंकासुद्धा यायची नाही. स्वतःची भाषा त्यांनी फक्त आईच्या फोनपुरती राखली होती. आई गेली आणि ती भाषा बोलायला कोणी उरलं नाही. मुलीला ती कधी आली नाही, काकांना तर नाहीच. आता पाहुण्यासारखी ती परत घरात आली. काकू शब्द पुटपुटून बघायच्या, स्वतःशी हसायच्या. “एवढं जड आमच्याकडे कोण बोलतं? कलेक्टर आलाय असं वाटेल,” म्हणून स्वतःचंच वाक्य खोडायच्या. एकदा ‘टाके काढणे’ याला नेमकं काय म्हणतात ते आठवेना, तर त्यांनी कितीतरी दिवसांनी भावाला फोन लावला. शब्द एका मिनिटात मिळाला. बोलणं पुढे तासभर चाललं. काका आतल्या खोलीतून ऐकत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण बायको इतकी बडबडी आहे हे त्यांना नव्याने समजलं.

फाइलच्या तळाशी मात्र काही वाक्यं राहिली. पेशंटची प्रकृती गंभीर आहे, ताबडतोब या. आणि त्याच्याही पुढची.

“ही मला आत्ता नको,” काकू म्हणाल्या. “दादाने आईच्या वेळी असंच एक वाक्य पाठवलं होतं. कसं लिहितात ते चांगलं माहीत आहे मला. पण हात धजत नाही.”

राहू दे, काका म्हणाले. रिकाम्या जागेचं वाक्य आपोआप मूळ भाषेत जातं, काही बिघडत नाही. काकूंना बरं वाटलं. काकांनाही बरं वाटलं, कारण ते जे म्हणाले ते खरंच होतं. फक्त ती जागा रिकामी नव्हती.

मालकांनी घाई लावली. हॉस्पिटलवाले रोज विचारत होते. काकांनी शेवटची तपासणी चालवली, तेव्हा संगणकाने एकही जागा रिकामी नाही असं दाखवलं. काका क्षणभर थबकले. मग त्यांना वाटलं, आपण ऑफिसात असताना तिने लिहिलेली दिसतात शेवटी. तसं एकदा विचारायला काय हरकत होती? पण विषय नाजूक, आईची आठवण निघेल, उगाच डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी विचारलं नाही. फाइल उघडून तळाची वाक्यं डोळ्यांखालूनही घातली होती त्यांनी. पण त्या लिपीतली सगळी वाक्यं काकांना सारखीच दिसायची.

प्लगइन हॉस्पिटलात सुरू झाला. पहिले काही दिवस कौतुकाचे निरोप आले. एका वॉर्डबॉयने म्हणे सांगितलं की म्हातारी माणसं फोन हातात घेऊन एकमेकांना दाखवत सुटली आहेत. काकांनी ही गोष्ट घरी दोनदा सांगितली. काकूंनी ती भावाला फोनवर सांगितली.

मग एका सकाळी मालकांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. त्यांच्या स्क्रीनवर कोणाच्या तरी फोनचा फोटो होता. त्यात एकाखाली एक तीन मेसेज, तिन्ही त्या भाषेतले. काका वाकून बघू लागले. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पहिल्या ओळीचं एकेक अक्षर दुसऱ्या ओळीशी ताडून पाहिलं, मग तिसरीशी. तिन्ही ओळी एकच होत्या. मालकांनी काही सांगायच्या आत त्यांना चाचणीचं वाक्य आठवलं.

मालकांनी हळू आवाजात हकिगत सांगितली. हॉस्पिटलजवळ राहणारा एक म्हातारा टेलर. त्याची बायको दाखल होती, सुधारत होती, घरी सोडायच्या गोष्टी चालल्या होत्या. परवा दुपारी अचानक बिघडली. सिस्टरने बटण दाबलं, प्रकृती गंभीर, ताबडतोब या. मेसेज पोचल्याची खूण आली. कोणी आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. म्हातारी दाराकडे बघत होती म्हणे. संध्याकाळी भेटीच्या वेळेला टेलर आला तो तिने घरी जाताना घालायचे कपडे पिशवीत घेऊन.

काकांना वाटलं आपण खुर्चीवर बसावं, पण बसायची लाज वाटली.

मालक वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. हॉस्पिटलला खुलासा पाठवायचा आहे, असं तो म्हणाला, आणि मग टेबलावरचं पेन उगाच सरळ करत म्हणाला, “भाषांतर बाहेरून करून घेतलं होतं, त्यात चूक राहिली, एवढंच कळवू या. फाइलवर नाव काकूंचं आहे. त्यांना कोण काय करणार आहे? नाहीतर आपला बाजार उठेल, काका.”

“तिने ती वाक्यं लिहिलीच नव्हती,” काका म्हणाले. “ते चाचणीपुरतं वाक्य होतं. मी भरलं आणि काढायचं मीच विसरलो. असंच कळवा. तुम्हाला जमत नसेल तर मी कळवतो.”

मालकांनी त्यांच्याकडे बघितलं. असं लिहिल्यावर तुम्हाला इथे ठेवणं मला कठीण जाईल, असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याने नजर वळवली. काकांनी मान डोलावली. तेवढं त्यांनाही कळत होतं.

जागेवर येऊन त्यांनी फाइल उघडली आणि तळाच्या जागा रिकाम्या केल्या. कपातला चहा गार व्हायच्या आत काम संपलं. इतकं सोपं होतं ते, आणि याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला. इतकी वर्षं ज्या बाईने त्यांच्या भाषेत संसार केला, तिच्या भाषेतलं एक वाक्य त्यांना ओळखता येत नव्हतं. आलं असतं तर म्हातारी एकटी गेली नसती. या विचारापासून त्यांची दिवसभर सुटका झाली नाही.

घरी काकू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काका चपला न काढताच आत आले, तेव्हाच त्यांना काहीतरी झालंय हे समजलं. काकांनी सगळं सांगितलं. मालक फाइलवरच्या नावाबद्दल काय म्हणाला तेवढं वगळलं. काकू घडी हातात तशीच धरून ऐकत होत्या.

“कुठलं वाक्य गेलं त्यांना?” त्यांनी विचारलं. त्यांना ते कळलं होतं, तरी विचारलं.

काकांनी सांगितलं.

“मी म्हटलं होतं ना तुम्हाला, ती राहिलीत म्हणून.”

“हो.”

“मग एकदा विचारायचं होतं, लिहिलीस का.”

“तुला वाईट वाटेल म्हणून नाही विचारलं.”

काकूंनी घडी खाली ठेवली. “मला वाईट वाटलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर वाटलं असतं.” त्यांनी उरलेले सगळे कपडे घडी करून कपाटात लावले, एकेक बाही सरळ करून. काका दाराशी उभे होते. त्यांना वाटत होतं तिने रागवावं, ओरडावं, निदान रडावं.

“मला त्या टेलरना भेटायचंय,” शेवटी काका म्हणाले. “माझ्या तोंडाने सांगायचंय. पण मला त्यांच्याशी बोलता येणार नाही.”

“येणार नाहीच,” काकू म्हणाल्या. “मी येते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. खाली किराणा दुकान आणि वर जिन्याने चढून एक खोली. खोलीत शिलाई मशीन, त्यावर चादर टाकलेली. भिंतीला खिळ्यावर एक कोट लटकत होता, त्याला एकच बाही होती. टेलर दार उघडून उभा राहिला, किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. काकूंनी त्यांच्या भाषेत काही म्हटलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. काकांना हे सोसेना. म्हाताऱ्याने लगबगीने एकुलती एक खुर्ची पुसली, काकूंना बसवलं, प्रश्नावर प्रश्न विचारले. काकूंनी वळून हळूच सांगितलं की त्यांना माझं गाव माहीत आहे, तरुणपणी तिथल्या बाजारात दुकान होतं त्यांचं.

“सांग त्यांना,” काका म्हणाले.

काका एकेक वाक्य बोलत गेले आणि काकू ते पलीकडे नेत गेल्या. हा प्रोग्रॅम मी लिहिला. तपासण्यासाठी एक वाक्य सगळीकडे भरलं होतं. ते काढायला विसरलो. चूक माझी आहे, दुसऱ्या कोणाची नाही. काकूंचा आवाज कुठे अडला नाही. फक्त एके ठिकाणी काकांचं वाक्य संपल्यावरही त्या बोलत राहिल्या, आणि बोलताना त्यांनी हात स्वतःच्या छातीवर ठेवला. काका समजले. ते वाक्य मी लिहिलं होतं, हे त्या सांगत होत्या. त्यांना थांबवावं असं काकांच्या फार मनात आलं, पण कोणत्या शब्दांनी थांबवायचं?

टेलर खाली बसला होता, भिंतीला टेकून. तो रागावला नाही. सावकाश बोलू लागला आणि आता काकू उलट्या दिशेने सांगू लागल्या. त्याला इथली भाषा गिऱ्हाइकांपुरती, मोडकीतोडकी येते, वाचता तर येतच नाही. आधी हॉस्पिटलचा मेसेज आला की तो फोन घेऊन खाली दुकानदाराकडे जायचा. दुकानदार वाचून सांगायचा, कितीही गिऱ्हाइकं असली तरी. मग एक दिवस फोन त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायला लागला. इतक्या वर्षांत इथल्या कुठल्या यंत्राने, कुठल्या पाटीने ते केलं नव्हतं. त्याने तो मेसेज सगळ्या चाळीला दाखवला, बायकोलाही दाखवला. तेव्हापासून तो खाली वाचून घ्यायला गेला नाही.

“त्या दुपारी एकामागोमाग आले,” काकू सांगत होत्या. “त्यांना वाटलं, किती चांगली माणसं आहेत. पुन्हा पुन्हा कळवतायत.”

काकांनी मान खाली घातली. त्यांना क्षमा मागायची होती, त्यासाठीच ते आले होते, पण ती मागणं म्हणजे या माणसाला आणखी एक काम देण्यासारखं होईल असं त्यांना वाटलं.

म्हाताऱ्याने काकूंना काही विचारलं. काकू उत्तर देईनात. त्याने पुन्हा विचारलं, तेवढ्याच शांतपणे.

“काय म्हणतायत?”

“विचारतायत, खरं काय लिहिलेलं असायला हवं होतं.” काकूंचे ओठ पांढरे पडले होते. “त्यांना ते ऐकायचंय.”

काकांना वाटलं आता ही उठेल आणि बाहेर जाईल. तिला बाहेर न्यावं म्हणून ते पुढेही झाले. पण काकू खुर्चीवरून उतरून म्हाताऱ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्याच्याकडे बघत त्यांनी एक वाक्य म्हटलं. छोटंसंच वाक्य. काकांना त्यातलं काहीच कळलं नाही, आणि ते कोणतं आहे हे मात्र नेमकं कळलं. म्हाताऱ्याने कान पुढे केला. काकूंनी ते परत म्हटलं, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून. या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

टेलर उठला. गुडघ्यावर हात टेकत, भिंतीच्या आधाराने. खोलीला एकच खिडकी होती, तिच्यासमोर कापडाचे गठ्ठे रचलेले होते. त्याने ते बाजूला केले आणि दोघांना जवळ बोलावलं. खाली अरुंद रस्ता, रस्त्यापलीकडे लोखंडी गेट, आणि गेटच्या आत हॉस्पिटलची उंच भिंत, तिच्यात ओळीने खिडक्या. इतकी जवळ की आतल्या पडद्यांचा रंग दिसत होता. म्हाताऱ्याने बोट लावून एका टोकापासून खिडक्या मोजल्या आणि एकीवर थांबला. कामातून मान वर केली की तिची खिडकी दिसायची, काकूंनी सांगितलं, त्या दुपारीही ते इथेच शिवत बसले होते.

म्हातारा आणखी काही म्हणाला, अगदी थोडं. काकूंनी ते लगेच सांगितलं नाही.

“काय म्हणाले?” काकांनी विचारलं.

“म्हणाले, इथून हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती.”

म्हाताऱ्याने खिडकीची एक फळी लावून घेतली. दुसरी नीट बसत नव्हती. काकूंनी पुढे होऊन ती दाबून धरली आणि त्याने कडी घातली.